पट्टी जड की हात?

पियानो जोरात वाजवणाऱ्या माणसाचं काय करायचं, यावर शिकवणारे आणि पियानो दुरुस्त करणारे यांचं सहसा जमत नाही. शिकवणारे म्हणतात, हात सुधारा. दुरुस्त करणारे म्हणतात, आधी वाद्य उघडून बघू. परदेशातल्या मराठी घरांत या वादाला आणखी एक पदर आहे. तिथे मुलांसाठी म्हणून पियानो येतो आणि काही दिवसांत त्यावर बापही बसायला लागतो. त्याचा हात पेटीवर तयार झालेला असतो. पेटीच्या पट्टीला कितीही जोर लावा, आवाज तेवढाच येतो. तो कमीजास्त होतो भात्यावर. पियानोला भाता नाही. जे सांगायचं ते पट्टीलाच सांगावं लागतं.

पुढचा संवाद मी रचला आहे. त्यातली माणसं प्रातिनिधिक आहेत. यंत्राबद्दलचं आणि इतिहासाबद्दलचं बोलणं मात्र खरं आहे. जागा पोर्टलीश. आयर्लंडच्या मध्यभागातल्या लीश काउंटीचं हे मुख्य गाव, डब्लिनच्या नैर्ऋत्येला ऐंशीएक किलोमीटरवर. रोज रेल्वेनं डब्लिनला कामाला जाणारे पुष्कळ लोक इथे राहतात. घर जोडघर, म्हणजे बैठकीची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. त्या भिंतीला टेकून एक जुना उभा पियानो. पट्टी दाबली की त्याची ॲक्शन, म्हणजे आतली सांध्यांची यंत्रणा, हॅमर तारेवर मारते; पट्टी सोडली की डॅम्पर तार गप्प करतो. वाजवणारे दोघं : आठ वर्षांची मुलगी, आणि पुण्यात अनेक वर्षं भजनाला, नाट्यसंगीताला पेटीची साथ केलेला तिचा बाप. बापाच्या हाताखाली वर्षभरात दोन तारा तुटल्या आहेत. बोलणारेही दोघंच. बापलेकींना शिकवणाऱ्या बाई मूळच्या दादरच्या. दुसरे मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त कारागीर. त्यांनी मुंबईत धोबीतलावच्या आसपास एका गोवेकर मेस्त्रींच्या हाताखाली काम शिकून घेतलं. ते बाईंना टीचर म्हणतात, बाई त्यांना काका.

टीचर : काका, मुलीच्या बाबांनी तुम्हाला काय सांगितलंय ते मला कळलं. पियानो माझ्या हाताला जुळवून द्या, ॲक्शन थोडी जड करा. माझी विनंती आहे, असं काही करू नका. उद्या मुलगी परीक्षेला बसेल. तिथल्या खोलीत जो पियानो असेल, तोच वाजवावा लागणार. वाद्य बदलत राहणार हे धरूनच हात तयार करायचा असतो.

काका : जड करायचं माझ्याही मनात नाही. पण हात बघायच्या आधी मला पट्टी बघू द्या. जरा उजवं पेडल दाबून धरा. डॅम्पर तारांवरून उचलले गेले पाहिजेत, नाहीतर त्यांचं वजन मध्ये येतं.

काकांनी पितळेची वजनं काढून मधल्या सीच्या पट्टीच्या पुढच्या कडेवर पन्नास ग्रॅम ठेवले. खालच्या फळीवर बोटानं हलकेच टकटक केलं. पट्टी जागची हलली नाही. मग दोन-दोन ग्रॅम वाढवत गेले. चौसष्टला ती सावकाश खाली बसली. मग उलट बाजूनं मोजलं : खाली बसलेली पट्टी किती वजन उचलून परत वर येते? अठरा ग्रॅम.

काका : मधल्या सीला पन्नास-पंचावन्न ग्रॅमला पट्टी खाली गेली पाहिजे, आणि वीसहून जास्त घेऊन वर आली पाहिजे. इथे चौसष्ट आणि अठरा. फरक शेहेचाळीस, त्याचा निम्मा तेवीस. तेवीस ग्रॅम नुसतं घर्षण झालं. दहा-पंधरा असतं तर मी काही बोललो नसतो.

टीचर : म्हणजे पट्टी आधीच जड आहे.

काका : जड नाही, अडकते आहे. हे दोन वेगळे आजार. पट्टीच्या मधून जी खीळ जाते तिथलं कापड ओलीनं फुगलंय, आणि वर हॅमरच्या सांध्यांतल्या सेंटर पिना आवळल्यात. मुंबईत जुलैत हेच व्हायचं. आम्ही लोकांना पियानोच्या पोटात कमी वॅटचा बल्ब लावून ठेवायला सांगायचो. इथे ओल बाराही महिने, आणि थंडीत हीटिंग लावलं की हवा एकदम कोरडी. लाकूड आणि लोकर दोन्हीकडून मार खातात. हे सांधे मोकळे केले की साधारण चौपन्न आणि अठ्ठावीस येतील. ॲक्शनच्या वजनाला हात न लावता दहा ग्रॅम कमी.

टीचर : पण ही दुरुस्ती झाली. दुरुस्तीला माझा विरोध कशाला असेल? हाताला जुळवणं म्हणजे वेगळं.

काका : तुम्ही म्हणता तितकं ते वेगळं नाही, टीचर. माणूस रोज अडकणाऱ्या पट्टीवर वाजवतो. हळू दाबलं तर एखादा सूर उमटतो, एखादा गिळला जातो. पेटीची साथ केलेल्या माणसाला सूर गिळला गेलेला चालत नाही. मग तो सगळ्याच पट्ट्यांना जास्त जोर लावतो. वर्षभर असं वाजवलं की तीच सवय. तिला तुम्ही जड हात म्हणता. आता एक करा, बोटानं पट्टी अगदी सावकाश दाबा आणि वर हॅमरकडे बघा.

टीचर : पट्टी जाते आहे. हॅमर तसाच आहे. आता हलला.

काका : पट्टीची एकूण चाल दहा मिलिमीटरच्या आसपास. त्यातले जवळजवळ दोन फुकट गेले. जुन्या उभ्या पियानोत फेल्ट दबून ही पोकळी तयार होते. पोकळी ओलांडून हॅमरला गाठायचं तर बोट झेप घेतं, आणि झेप घेतली की आवाज मोठा येणार. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाशी कॅपस्टनचा स्क्रू आहे, तो थोडा वर घेतला की पोकळी भरते. पंच्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आहेत या पियानोला?

टीचर : पंच्याऐंशी.

काका : मग पंच्याऐंशी वेळा.

इथपर्यंत काकांची बाजू वरचढ वाटते, आणि माझाही कल त्यांच्याकडे आहे. शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याची बोटं दिसतात. झाकणामागे काय चाललं आहे ते दिसत नाही. पण बाईंनी पुढे जे सांगितलं ते कारागिराच्या वजनांत सापडण्यासारखं नव्हतं.

टीचर : आता माझं ऐका. मी त्यांच्या शेजारी बसते. सूर लागल्यानंतरही त्यांचं बोट पट्टी दाबतच राहतं. नखं पांढरी होतात. पेटीत बोट उचललं की सूर गेला, म्हणून बोट पट्टीवर रोवून ठेवायची सवय. इथे त्या दाबण्याचा काही उपयोग नाही.

काका : हॅमर तर तेव्हा निघून गेलेला असतो.

टीचर : तेच त्यांना पटत नाही. आणि दुसरी गोष्ट. जड हात त्यांचा एकच आहे, उजवा. डावा आयुष्यभर भात्यावर होता. पियानोवर तो इतका बुजतो की खालचे सूर ऐकूच येत नाहीत. ते भरून काढायला उजवा आणखी जोरात. आता तुम्ही हा पियानो कुठल्या हाताला जुळवणार?

काका : तारा कुठे तुटल्या?

टीचर : दोन्ही मधल्या सीच्या वर, दीड सप्तकाच्या आत. चाल वाजते त्याच पट्ट्यांत.

हॅमर निघून गेलेला असतो म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. पियानोत बोट हॅमरला तारेपर्यंत नेऊन पोहोचवत नाही. तारेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे जॅक नावाचा लाकडी तुकडा हॅमरखालून निसटतो, आणि उरलेलं अंतर हॅमर आपल्याच वेगानं कापतो. या निसटण्याला लेट-ऑफ म्हणतात. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास हीच युक्ती शोधली, म्हणून पियानो झाला. नाहीतर हॅमर तारेला चिकटून बसला असता आणि सूर तिथेच मेला असता. निसटल्यानंतर बोटाच्या हाती काही राहत नाही. त्यानंतरचा सगळा जोर पट्टीखालच्या फेल्टच्या चकतीत जिरतो. हॅमर परत येताना चेक नावाचा ठोकळा त्याला धरतो. फटका फार जोराचा असेल आणि चेक दूर असेल, तर हॅमर सुटून पुन्हा तारेवर आदळतो आणि एका दाबात दोन सूर वाजतात.

काका : तारा कुठल्या वारी तुटल्या, आठवतं?

टीचर : वार? दोन्ही वेळा रविवारीच. पण वाराचा काय संबंध?

काका : आठवडाभर ते कधी वाजवतात?

टीचर : रात्री. कामावरून आल्यावर, दहाच्या पुढे. शेजारी आहेत म्हणून मधलं पेडल दाबून अडकवून ठेवतात.

काका : आता सगळं जुळलं. मधलं पेडल अडकवलं की हॅमर आणि तारा यांच्या मध्ये फेल्टची पट्टी उतरते. हे फेल्ट बघा केवढं जाड आहे. रात्री त्यांना स्वतःचं वाजवणं नीट ऐकू येत नाही, म्हणून ते दुप्पट जोर लावतात. सहा रात्री तोच सराव. रविवारी दिवसा फेल्ट वर उचलतात. कान मोकळा झाला, पण हात अजून रात्रीचाच. वर या हॅमरांची नाकं बघा, तारांच्या खुणा किती खोल गेल्यात. असा हॅमर गोल राहत नाही. सपाट, घट्ट, कडक होतो. वर्षानुवर्षांच्या गंजलेल्या, वळते तिथे कमकुवत झालेल्या तारेवर कडक हॅमरचा फटका. तुटणारच.

टीचर : हेडफोन लावून इलेक्ट्रिक पियानोवर शिकणाऱ्या मुलांचं मी हेच बघते. आवाज कमी ठेवतात आणि पट्ट्या बडवतात.

काका : हात कानाचं ऐकतो, टीचर. कानाला कमी मिळालं की हात जास्त मागतो. म्हणून पियानो जोरात वाजवणाऱ्याचा म्हटला की मी आधी वजन नाही, आवाज तपासतो. ज्याला थोडक्यात भरपूर सूर मिळतो, तो मारत नाही.

टीचर : मग उलटही होईल. तुम्ही आता सुया टोचून हॅमर मऊ करणार. सूर मऊ झाला की ते आणखी जोरात मारतील.

काका : बरोबर बोललात, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. जोरात वाजवतो ना, मग हॅमर मऊ करून टाका, असं म्हणतात. आठ दिवस घर शांत. मग तो माणूस हरवलेला आवाज शोधत पहिल्याहून जास्त जोर लावतो. मी सँडपेपरनं हॅमरची नाकं पुन्हा गोल करीन, खुणा काढीन. सुया टोचीन त्या बाजूंना आणि मोजक्याच, नाकाच्या टोकाला नाही. सूर स्पष्ट राहिला पाहिजे, फक्त कर्कश नको.

टीचर : आणि ॲक्शन जड करायचं जे ते म्हणतायत, ते?

काका : ते कसं करतात माहीत आहे? एक तर हॅमर वजनदार बसवायचे. वजनदार हॅमर त्याच वेगानं आला तर तारेवर जास्त जोरानं बसतो, म्हणजे तारा वाचवायच्या म्हणून केलं आणि तारांवरच आलं. नाहीतर स्प्रिंगा ताठ करायच्या, किंवा सांधे मुद्दाम घट्ट ठेवायचे. घर्षण वाढवलं की पट्टी हळू सूर ऐकतच नाही. मध्यम आणि मोठा एवढंच उरतं. शिवाय चाळिशीतल्या माणसाच्या मनगटाला आणि दंडाला ते भोवतं. आमचे मेस्त्री जड पट्टी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ॲक्शन नेमकी करून द्यायचे. पोकळी नाही, घर्षण सारखं, तळ पक्का. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं, आणि वजन होतं तेवढंच.

टीचर : तळ पक्का म्हणजे?

काका : पट्टीखालच्या चकत्या. वर्षानुवर्षं दाबून त्या चेपल्यात. पट्टी कुठे थांबते ते बोटाला कळत नाही, म्हणून बोट तळ शोधत खाली घुसतं. जोरात वाजवणाऱ्यासाठी मी घट्ट विणीच्या फेल्टच्या चकत्या घालतो आणि त्यांच्याखाली कागदाच्या पातळ चकत्या सरकवून खोली दहा मिलिमीटरवर आणतो. कागद किती पातळ, तर एक काढला-घातला तरी पट्ट्यांवर सराईत हात फिरवणाऱ्याला कळतं. मग तुमचं ते पांढऱ्या नखांचं दुखणंही थोडं कमी होईल. तळ लागल्याचं कळलं की दाबण्यात अर्थ वाटत नाही.

टीचर : थोडं. सगळं नाही.

काका : सगळं तुमचं काम.

बाईंचा मूळ मुद्दा मात्र अजून उभाच होता. त्यांनी तो इतिहासातून पुढे नेला, आणि त्यासाठी त्यांना पोर्टलीशच उपयोगी पडलं.

टीचर : काका, हे गाव आहे ना, याला १९२९ पर्यंत मेरीबरो म्हणायचे. १७१२ साली इथे बार्थोलोम्यू मॉस जन्मला. पुढे त्यानं १७४५ मध्ये डब्लिनला बाळंतपणाचं हॉस्पिटल काढलं आणि त्यासाठी संगीताचे कार्यक्रम करून पैसे उभे केले. तेच पुढे रोटुंडा हॉस्पिटल झालं. त्या रोटुंडाच्या सभागृहात १७९२ साली नऊ वर्षांचा जॉन फील्ड पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसला. नोक्टर्न हा प्रकार ज्यानं सुरू केला तो. शोपँच्याही आधी. पुढच्या वर्षी घरचे त्याला लंडनला घेऊन गेले. तिथे तो क्लेमेंटी या पियानोवादकाकडे उमेदवारीला लागला आणि क्लेमेंटीच्या दुकानातले पियानो गिऱ्हाइकांना वाजवून दाखवायला लागला. आज हा, उद्या तो. फील्डच्या बोटाचं सगळं युरोप कौतुक करायचं. दुकानातले परके पियानो वाजवूनच तो हात घडला. त्यानं कुठला पियानो स्वतःला जुळवून मागितला?

काका : क्लेमेंटीच्या दुकानात मागे कारागीर बसलेले असणार, टीचर. विकायला ठेवलेला पियानो अडकत असेल तर तो कोण घेईल? फील्डच्या बोटाखाली यायच्या आधी तो लागलेला असणार. आणि इतिहास काढलाच आहात तर दुसरी बाजूही घ्या. मोत्सार्टच्या काळातला व्हिएन्नाचा पियानो पाच सप्तकांचा, सगळी चौकट लाकडी, पट्टी उथळ आणि हलकी. बीटहोव्हनच्या हाताखाली त्याच्या तारा तुटायच्या. लिस्ट वाजवायला बसला की दुसरा पियानो तयार ठेवायचे, असं सांगतात. मग पियानोच बदलला. १८२१ मध्ये पियानो बनवणाऱ्या एरारनं दुहेरी निसटीच्या ॲक्शनचं पेटंट घेतलं. १८२५ मध्ये बॉस्टनच्या बॅबकॉकनं ओतीव लोखंडाच्या चौकटीचं पेटंट घेतलं. आज तारांचा एकूण ताण अठरा-वीस टनांवर जातो. हे सगळं कुणासाठी? मोठ्या हॉलसाठी आणि मोठ्या हातांसाठी. पियानो अडीचशे वर्षं हातांना जुळवून घेतच इथपर्यंत आला.

टीचर : आणि त्यात काय गेलं? ती हलकी, उथळ पट्टी गेली. ज्याला हळू बोलायचं होतं त्याची पट्टी गेली. शोपँ म्हणे, बरं वाटत नसलं की एरारचा पियानो घ्यायचा, सूर आयता मिळायचा; अंगात ताकद असली की प्लेयेलचा, कारण त्यावर सूर स्वतः काढावा लागायचा. म्हणजे त्यानंसुद्धा पियानो बदलून घेतला नाही, निवडला. आणि ज्यानं बदलून घेतला त्याचं काय झालं? पियानोवादक ग्लेन गूल्डनं आपल्या स्टाइनवे पियानोच्या पट्ट्या इतक्या हलक्या आणि तत्पर करून घेतल्या की १९६४ च्या बाखच्या इन्व्हेन्शन्समध्ये मधल्या सुरांना उचकी लागली. एका दाबात सूर दोनदा लागायचा. रेकॉर्डवर ती उचकी तशीच आहे.

काका : गूल्डला ती उचकी चालली. बाकीच्या सुरांत त्याला हवं ते मिळत होतं.

टीचर : गूल्डच्या घरात आठ वर्षांची मुलगी त्याच पियानोवर शिकत नव्हती.

यावर काका काही बोलले नाहीत. सुरुवातीच्या उल्लेखानंतर मुलगी बोलण्यात आली नव्हती; सगळं बापाच्या हाताबद्दल चाललं होतं. माझ्या मते खरा पेच इथेच आहे. एका माणसाचा पियानो त्याच्या हाताला जुळवावा की नाही, यावर मला फार विचार करावा लागत नाही : जुळवावा. पण घरातला पियानो क्वचितच एका माणसाचा असतो. तो एकाला जुळवला की दुसऱ्याच्या बोटांवर त्याचा हिशेब निघतो.

काका : तिच्यापुरतं पाहू. घर्षण काढलं, पोकळी भरली, चकत्या बदलल्या. यातलं तिला काही वाईट आहे का?

टीचर : नाही. उलट तिला जास्त गरज होती. तिची करंगळी चौसष्ट ग्रॅमला पुरत नव्हती, म्हणून ती सबंध हात टाकायची.

काका : चेक थोडे जवळ घेतले, हॅमर तारेपासून पंधरा मिलिमीटरवर धरला जाईल असे?

टीचर : तेही चालेल. तिला फरक कळणारसुद्धा नाही.

काका : सूर लावताना मी प्रत्येक सूर जोरात ठोकून लावीन, म्हणजे खुंटी आणि तार दोन्ही जागेवर बसतील. तिच्या बापानं रविवारी वाजवलं तरी सोमवारी पियानो उतरलेला नसेल. हेही दोघांच्या सोयीचं. राहिला लेट-ऑफ.

टीचर : तो कुठे ठेवणार?

काका : त्यांच्यासाठी म्हणाल तर तारेपासून तीन मिलिमीटर. जोराच्या फटक्यात फेल्ट दबतं, लाकूड वाकतं. जॅक फार उशिरा निसटणारा असेल तर हॅमर तारेवर अडकून बसतो, सूर मरतो आणि तारेला इजा होते. तीनवर ठेवला की धोका नाही.

टीचर : आणि तिच्यासाठी दोन. मी तिला आता कुठे हळू वाजवायला शिकवते आहे. जॅक लवकर निसटला तर हॅमर तारेपर्यंत पोहोचायच्या आधीच दमतो. तिचा सगळ्यात हळू सूर निघणारच नाही. तिला वाटेल, हळू वाजवणं म्हणजे सूर गाळणं. मग तीही जोरात वाजवायला लागेल. एका मिलिमीटरसाठी दुसरा जड हात या घरात तयार करायचा नाही मला.

काका : ते मोठे आहेत, त्यांच्या हाताला आता वळण लावायला वेळ लागेल. ती लहान आहे, कशालाही जुळवून घेईल.

टीचर : मला नेमकं उलटं वाटतं. ती काय शिकते आहे ते तिला कळत नाही, म्हणून तिला नेमकं वाद्य हवं. त्यांना निदान सांगता तरी येतं. स्टूल दोन बोटं खाली घ्या, म्हणजे खांद्याचं वजन पट्टीवर पडणार नाही. एक महिना उजव्या हाताचा सराव बंद, फक्त डावा. हे मी त्यांना सांगू शकते आणि ते करतील. पेटीची साथ करणारा माणूस आहे, गायक किती हळू गेला ते त्यांचा कान पकडतोच. तोच कान इथे वापरायचा आहे.

काका : साथीचा माणूस आहे हे खरं. मला पटतं ते. पण तार तुटली तर बोलावणार मलाच.

टीचर : म्हणून सगळा पियानो एकाच मापानं लावू नका. खालची सप्तकं जशी असतील तशी असू देत, तिथे त्यांचा हात बुजतोच. मधल्या सीच्या वरचं पहिलं सप्तक दोनवर ठेवा, त्याच्या वरचं तीनवर. दोघांनाही सांगायचं नाही. महिनाभर वाजवू देत.

काका : असं दोन मापांत लावलेलं मला आवडत नाही. एका सप्तकातून दुसऱ्यात जाताना बोटाला पायरी लागते.

टीचर : कुणाच्या बोटाला लागते तेच बघायचं आहे. तिच्या लागली आणि त्यांच्या नाही, तर सगळीकडे दोन.

काका : आणि वरच्या सप्तकातली तार वाचली, खालची तुटली, तर सगळीकडे तीन. कबूल?

टीचर : अडीच.

काका : बघू, महिन्यानं वजनं पुन्हा लावीन आणि मग ठरवू. मधलं फेल्ट मात्र मी आज काढून नेतो. हे जाडजूड फेल्ट या पियानोत राहिलं तर बाकीचं सगळं केलेलं फुकट जाईल.

टीचर : मग रात्री? शेजारी आहेत, आणि दिवसभर त्यांना घरी वेळ मिळत नाही.

काका : पातळ फेल्ट मिळालं तर बसवून देतो, ज्यातून सूर थोडा तरी कानापर्यंत येईल. तोवर रात्री दहानंतर पेटी वाजवायला सांगा. तिचा भाता त्यांना आवरता येतो.

टीचर : पेटी वर माळ्यावर आहे.

काका : मग शनिवारी मी येईन तेव्हा खाली काढून ठेवायला सांगा. तिच्याही पट्ट्या ओलीनं धरल्या असतील, त्या बघून देतो.